मधल्या सालची

टिक्... टक्. टिक्... टक्.

दुपारच्या शांततेला कुणीतरी हलकेच टाचणी टोचावी तसा तो आवाज आला. धुतलेल्या कपड्यांचा ढीग मांडीवर घेऊन बसलेल्या मधीचा हात एका इवल्याशा मोज्यातच थांबला. नळ म्हणावा, तर नळ असा ताल धरत नाही. भिंतीवरचं घड्याळ म्हणावं, तर त्यातला सेल कधीच एका बोलक्या बाहुलीच्या पोटात गेलेला. मग तिच्या लक्षात आलं आणि ती एकटीच हसली. आवाज स्वयंपाकघरामागच्या दारापलीकडून, गॅरेजमधून येत होता. बंद शटरच्या आत, अंधारात, गाडी डावीकडे वळायला निघाली होती.

ती दाराशी गेली. शटरच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या गाडीच्या पाठीवर पडल्या होत्या. पिवळा दिवा लागत होता, विझत होता. आणि स्टिअरिंगमागे, गुडघ्यांवर उभी राहून, तिची धाकटी लेक रस्त्याकडे बघावं तसं समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"कुठे निघाली स्वारी?"

"डावीकडे."

"डावीकडे म्हणजे कुठे?"

"तिथेच," लेक म्हणाली. आईला एवढंही कळू नये याचं तिला वाईट वाटलं असावं.

लेकीला घरात सगळे शेंडू म्हणत. शेंडेफळ म्हणून शेंडू. साडेतीन वर्षांच्या आयुष्यात तिला दुसऱ्या नावाने हाक मारली की ती मागे वळून बघायची, की कोण आलंय. हे नाव तिला आता फार दिवस पुरणार नव्हतं. पण ते अजून फक्त मधीला आणि तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि पोटातलं ते तिसरं अजून इतकं लहान होतं, की मधी स्वतःशीसुद्धा त्याच्याबद्दल दबक्या आवाजात बोलायची.

"शेंडू, बास आता. उतर. मावशी येणारेय आणि मिस्त्रीकाकापण."

"गाडीला चांगलं करायला?"

"हो."

"ती आजारीये?"

मधीने हात आत घालून इंडिकेटरची दांडी सरळ केली. टिकटिक थांबली आणि शांतता पुन्हा येऊन सीटवर बसली.

किल्ली न लावता इंडिकेटर चालू होणं ही या गाडीची खोड. ज्या वर्षी ही गाडी बनली, त्याच्या आगेमागे दोन-तीन वर्षांतल्या या जातीच्या सगळ्याच गाड्यांची. कंपनीने तारा जोडताना काहीतरी घोळ घातला आणि तो निस्तरण्याआधी मॉडेलच बदललं. आता ती गाडी म्हटली की जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे डोळे लकाकतात, पण ते पहिल्या सालच्या गाडीसाठी. गोल टपोरे दिवे, चांदीसारखा लखलखणारा क्रोमचा बंपर, दोन कार्बोरेटर. कॅलेंडरवर तीच, पोस्टाच्या तिकिटावर तीच, लग्नात फुलं लावून फिरवतात तीही तीच. नंतर कसलेसे नियम आले. टक्कर झाली तर, धूर झाला तर. आणि कंपनीने त्याच गाडीला चौकोनी दिवे दिले, काळ्या रबराचा जाडजूड बंपर दिला, एक कार्बोरेटर काढून घेतला आणि तिला चार बोटं उंच उचलली. लोकांनी नाकं मुरडली. कंपनीने घाईघाईने पुन्हा गोल दिवे आणले, पुन्हा चमक आणली. लोक म्हणाले, हां, आता कशी!

मधल्या मधे ही मंडळी राहून गेली. ना पहिल्यांचा मान, ना शेवटच्यांचं कौतुक.

बाबांनी, म्हणजे मधीच्या वडिलांनी, या तिन्ही सालच्या गाड्यांची नावंच पाडली होती. थोरली, मधली, धाकटी. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि घरात तीन मुली. त्यामुळे त्यांना जगातलं सगळं एकतर चष्म्यासारखं दिसायचं नाहीतर मुलींसारखं. "ती बघा, चष्मा लागलेली," ते चौकोनी दिव्यांवर फडकं फिरवत म्हणायचे. "आता हिला नीट दिसतं. गोल डोळ्यांच्या त्या नुसत्याच बघतात."

तीन मुलींपैकी मधली म्हणून मधी मधीच झाली. शाळेच्या दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं. मधी या नावाची हाक मारताना 'मधे' व्हायचं आणि मग घरात तो एक कधीच शिळा न होणारा विनोद होता. "मधे, मधे मधे बोलू नकोस." "मधे, टीव्हीच्या मधे येऊ नकोस." ताई सगळ्यांत जास्त म्हणायची. मधी हसायची. हळूहळू तिला मधे न येण्याची सवयच लागली. घरात काही ठरत असलं, की ती भिंतीला लागून उभी राहायची आणि ठरलं की मान डोलवायची.

एकदा, ती लहान असताना, एका लांबच्या रस्त्यावर समोरून तशीच मधली आली होती. चौकोनी दिवे, काळा बंपर, चार बोटं उंच. दोन्ही गाड्यांनी एकमेकींना बघून दिवे मिचकावले, मग दोन्ही थांबल्या. बाबा उतरले. समोरचे गृहस्थही उतरले. दोघं पुरुष रस्त्याच्या कडेला समोरासमोर उभे राहिले. वाऱ्याने गवत हलत होतं. शेवटी बाबा म्हणाले, "तुमच्याही गाडीतलं घड्याळ मागे पडतं का हो?"

"पडतं," ते गृहस्थ म्हणाले. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला, असं बाबा पुढे कित्येक वर्षं शपथेवर सांगायचे.

बाबा गेल्यावर गाडी मधीकडे आली, ती कुणी दिली म्हणून नाही. ताई राहते चौथ्या मजल्यावर, छोटी बहीण राहते दूर देशात. गॅरेज काय ते मधीकडे. दुकानही तीच अर्धा दिवस उघडते. आणि तिला गाडी आवडते, पण हे तिने कधी कुणाला सांगितलेलं नाही. दोन्ही लेकी तिने या गाडीत निजवल्या. एकाच कार्बोरेटरचं ते इंजिन धावत कमी आणि गुणगुणतच जास्त. थोरली गाडी गुरगुरते, तिच्यात पोर जागं होतं. मधलीत झोपतं. पोरगी मागे निजली, की मधी गाडी एखाद्या झाडाखाली उभी करायची आणि त्या मागे पडणाऱ्या घड्याळाकडे बघत बसायची. ते घड्याळ तिला रोज थोडा वेळ जास्तीचा द्यायचं. घरी कुणी विचारलं, की इतका उशीर का, तर ती म्हणायची, "उशीर? गाडीत तर आत्ता कुठे चार वाजले होते."

उन्हं कलली आणि बाहेर टेम्पोचा दरवाजा आपटला.

"मधे! शटर उघड गं, हात मोडले आमचे!"

ताई पुढे, मिस्त्रीकाका मागे आणि दोघांच्या मधे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. ताईने गॅरेजच्या उंबऱ्यातच चादर ओढली. क्रोम! सगळं गॅरेज एकदम उजळलं. छतावर प्रकाशाचा एक कवडसा पळाला, तो धरायला शेंडू पळाली.

"बघ!" ताई म्हणाली. धाप लागली होती तिला. "खऱ्या थोरलीचा. वर्षभर शोधत होते. दिवे टेम्पोत आहेत, कार्बोरेटर पण. काका म्हणालेत, दोन दिवसांत आपली गाडी थोरली होईल. ओळखू येणार नाही!"

"अहो, क्रोम ते क्रोम," मिस्त्रीकाका म्हणाले. "हा काळा बंपर म्हणजे म्हशीला लिपस्टिक लावायची राहून गेल्यासारखं दिसतं. मी पहिल्यापासून सांगतोय."

मधीने मान डोलवली. महिन्यापूर्वी फोनवरही तिने मानच डोलवली होती. फोनवर ती दिसत नाही, म्हणून ताईने विचारलं होतं, "हो म्हणतेयस ना?" आणि ती म्हणाली होती, "हो." तेव्हा तिला खात्री होती, की मनापासून म्हणतेय. ताईचा आवाज असा काही ओला होता. "बाबांना थोरलीच हवी होती गं. मला आठवतंय. मी होते बरोबर. शोरूममध्ये उरलेल्या शेवटच्या थोरलीच्या दारावर हात ठेवून उभे होते कितीतरी वेळ. मग तुझा जन्म व्हायचा होता, खर्च वाढणार, म्हणून ही घेतली. मधली कुणालाच नको होती, म्हणून स्वस्त होती. आपण त्यांच्यासाठी एवढं तरी करू."

तेव्हापासून ते वाक्य मधीच्या आत कुठेतरी खड्यासारखं रुतून बसलं होतं. मधली कुणालाच नको होती. ताईच्या मनात काही नव्हतं, ती गाडीबद्दलच बोलत होती. पण मधी रोज लोकांना चष्मे घालून अक्षरं वाचायला लावते, तिला लहान अक्षरं आपोआप दिसतात. बाबांनी हिला हौसेने घेतलं, की नाइलाजाने? चष्मा लागलेली, नीट दिसतं हिला, हे सगळं कौतुक खरं होतं, की मनाची समजूत? आज दिवे निघाले, बंपर निघाला, की हे विचारायलाही कुणी उरणार नव्हतं.

काका गाडीच्या नाकासमोर उकिडवे बसले. पाना लागला. गंजलेला पहिला बोल्ट किंचाळून फिरला.

टिक्... टक्. टिक्... टक्.

शेंडू परत आत चढली होती.

"अगं, तिला उतरव," ताई म्हणाली.

"शेंडू, उतर बाळा."

"नाही. आमचं डावीकडे राहिलंय."

दुसरा बोल्ट फिरला. रबराचा बंपर एका बाजूने सुटून तिरका लोंबला आणि गाडीचा चेहरा एकदम रडवेला दिसला. मधीने पुढे होऊन ती लोंबती बाजू हाताने धरली.

"थांबा, मिस्त्रीकाका."

ती हे मोठ्याने म्हणाली, हे तिला काकांचा पाना थांबल्यावर समजलं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"नको करूया."

"आता? आता नको करूया? मधे, तू हो म्हणाली होतीस. आता ऐन वेळी मधे येऊ नकोस."

"येणार," मधी म्हणाली. "नावच ते आहे माझं."

काकांना हसू आलं, पण ताईचा चेहरा बघून त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"मी वर्षभर शोधलं," ताई हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज असा उतरला, की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "गंमत म्हणून नाही. त्यांना एक गोष्ट हवी होती आयुष्यात, ती मिळाली नाही. तू नव्हतीस तेव्हा. तुला काय माहीत?"

"नसेल माहीत. नाइलाजाने आणली असेल त्यांनी. असू दे. पण आणल्यावर त्यांनी तिला कधी दुसरीसारखं दिसायला लावलं नाही ना? मग आपण कशाला?"

ताईने तोंड उघडलं. पण बोलले काका, आणि तेही गाडीच्या खालून.

"लावलं होतं."

"काय?"

"टॉर्च द्या बघू." ते अर्धे आत शिरले होते. "हे बघा, इथे दोन भोकं जास्तीची आहेत. कंपनीची नाहीत. क्रोमच्या पट्ट्या बसवायला पाडलेली. एकदा हा बंपर निघालाय, थोरलीचा बसलाय, आणि तो काढून परत हाच बसवलाय. आणि भोकं कशाने बुजवलीत, ओळखा."

काळ्या बोटांत धरून त्यांनी एक सुरळी बाहेर काढली. ग्रीसने माखलेली, तरी कडेला पिवळी. चष्मे पुसायचं फडकं. दुकानात आजही प्रत्येक डबीत एक घालून देतात, तसलंच.

दोघी बहिणी वाकून त्या चिंधीकडे बघत राहिल्या. मधीने ती हातात घेतली. तिला ती कड ओळखू आली. बाबा फडक्याची कड नागमोडी कापायचे, म्हणजे दशा सुटत नाहीत.

"अरेच्चा," काका खाली बसल्या बसल्या म्हणाले. "थांबा, थांबा. ही गाडी होती होय ती! मी तेव्हा मामाच्या हाताखाली, मिसरूडही फुटलं नव्हतं. सकाळी आम्ही क्रोम बसवून दिला, दिवे बसवले. तुमचे वडील काय खूश! शीळ घालत गेले. आणि दिवेलागणीला परत हजर. गाडीत तीन पोरी. एक पोरगी अशी रडतेय, अशी रडतेय, की उचकी थांबेना. ती गाडीत बसायलाच तयार नव्हती म्हणे. म्हणत होती, ही आमची नाहीये, आमची कुठे नेली? मामा म्हणाला, साहेब, पोरं दोन दिवसांत विसरतात. तर तुमचे वडील म्हणाले, हिची गाडी हिला परत द्या. बास. मामाने आठवडाभर शिव्या घातल्या त्यांना. मीही घातल्या, मनात. इतका सुंदर बंपर!"

टिकटिक चालूच होती.

"कोणती रडत होती?" मधीने विचारलं.

"आता ते मी कसं सांगणार? तिघींना वेण्या, तिघींना चष्मे. मला तर वाटलेलं दुकानाची जाहिरात आहे."

मधीच्या ओठांवर आलं होतं, मीच असणार. तिला ती संध्याकाळ जवळजवळ आठवायलाही लागली होती, चमचमणारी ती अनोळखी गाडी, दाराशी घट्ट धरलेला खांब. पण ताई आधी बोलली.

"मीच असेन."

"तू? तू कुठे रडायचीस?"

"रडायचे. तुम्ही दोघी बघायच्या आत थांबवायचे." ताईने नाक ओढलं आणि चादरीच्या कोपऱ्याने डोळे पुसले, तर गालावर धूळ लागली. "एखाद वेळी नसेल थांबलं."

मधीने तिच्याकडे पाहिलं. तिला आठवत होतं ते आठवणं होतं, की नुसती इच्छा, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. यावेळी ती मुद्दामच गप्प बसली. हे गप्प बसणं नेहमीच्यासारखं नव्हतं. ते तिने दिलं होतं.

"काका," ताई म्हणाली, "बसवा परत."

"म्हैस ती म्हैसच ठेवायची?"

"म्हैसच."

"आणि हे?" काकांनी क्रोमकडे बोट दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं. "एवढं सोनं घेऊन आलो मी."

"परत करू. ज्याची थोरली असेल त्याला लागेल."

बोल्ट पुन्हा बसले. मधीने ती पिवळी सुरळी ग्रीससकट होती तिथे, त्याच भोकात, स्वतःच्या बोटाने दाबून बसवली. उठताना तिला जरा गरगरलं. तिचा हात नकळत पोटाकडे गेला. ताईने ते पाहिलं. ताईच्या भुवया वर गेल्या, मग हळूहळू खाली आल्या. जाताना तिने मधीच्या कपाळावरची बट मागे सारली.

"जपून चालव."

"ही कधी जोरात गेलीय?"

टेम्पो क्रोम घेऊन निघून गेला. मोठ्या लेकीची शाळा सुटायची वेळ झाली होती. गाडीतल्या घड्याळाप्रमाणे अजून अवकाश होता.

मधीने शटर पूर्ण वर केलं. उतरतं ऊन सरळ त्या दोन चौकोनी दिव्यांवर पडलं आणि ते भरून आल्यासारखे दिसले. इंजिन गुणगुणायला लागलं. शेंडू मागच्या सीटवर, पट्टा बांधलेली. गाडी चार बोटं उंच असल्यामुळे तिला कुंपणांच्या वरून दिसायचं. एका अंगणात झोपलेलं कुत्रं, एका खिडकीत वाळत घातलेला निळा सदरा, सायकलच्या दुकानात उलटी टांगलेली चाकं. गल्ली संपली तिथे मधीने इंडिकेटर लावला.

"डावीकडे," शेंडू समाधानाने म्हणाली.

"डावीकडे."

रस्ता उताराचा होता. दोन्ही बाजूंची झाडं काचेवरून सावल्या ओढत मागे जात होती. मधीला वाटलं, आपण चालवत नाही आहोत. कुणीतरी आपल्याला असंच निजवायला बाहेर काढलंय, समोर एक पाठ आहे, चष्म्याच्या दांड्या कानांमागे वळल्या आहेत आणि शीळ ऐकू येतेय.

"आई, ही मधलीये ना?"

"हो."

"थोरली आधी झाली?"

"आधी."

"मग ही झाली. मग धाकटी."

"अगदी बरोबर."

"पण धाकटी झाली नव्हती तेव्हा?"

"तेव्हा..." मधीने आरशात पाहिलं. लेकीचे डोळे अर्धे मिटत आले होते. "तेव्हा हीच सगळ्यांत नवीन होती. सगळ्यांत शेवटची. तेव्हा हीच शेंडेफळ होती."

"माझ्यासारखी?"

"तुझ्यासारखी."

शेंडूने अंगठा तोंडात घातला. झोपली, असं मधीला वाटलं. तिने गाडी आणखी हळू केली. चौकातला दिवा लाल झाला, गाडी थांबली आणि इंजिन खालच्या पट्टीत गुणगुणत राहिलं. मग मागून, अंगठा जेमतेम बाहेर काढून, झोपेच्या अगदी काठावरून आवाज आला.

"आई, मग तिला कधी कळलं, की ती मधली आहे?"